चावी फिरवली की नुसतं 'टक्' : ओबीएमचा सेल्फ बदलायच्या आधी हे बघा

तुमचा प्रश्न नीट वाचला. गोव्यात शापोऱ्याला डॉल्फिन ट्रिपची फायबर होडी, मागे ४० एचपीची मशीन (ओबीएम, म्हणजे आउटबोर्ड मोटर), पावसाळ्यात वर ओढून ठेवलेली, ऑक्टोबरात पाण्यात टाकली तेव्हापासून सेल्फचा, म्हणजे मशीन उठवणाऱ्या स्टार्टर मोटरचा, त्रास. चावी फिरवली की टक् असा एक आवाज येतो आणि पुढे काही नाही, कधी तिसऱ्या-चौथ्या वेळी मशीन एकदम व्यवस्थित उठते, आणि दुपारी दोन ट्रिपा मारून झाल्या की त्रास वाढतो. बॅटरी नवीन टाकलीत, सोलेनॉइड (चावीच्या बारीक करंटवर सेल्फची जाड लाइन जोडणारा स्विच) बदललात, आता मेकॅनिक म्हणतो सेल्फ मोटरच गेली, नवीन घ्या. आणि तुमचा प्रश्न असा की घेऊ की नको.

माझं उत्तर: आत्ता नको. कदाचित मोटर खरंच गेली असेल, मी इथे बसून छातीठोक नाही म्हणू शकत नाही, पण तुम्ही सांगितलेल्या सगळ्या गोष्टीत कुणीही एकदासुद्धा मीटर लावलेला दिसत नाही. पार्ट बदलत बदलत दोष शोधणं हा सगळ्यात महाग मार्ग, आणि दोन पार्ट बदलूनही दोष तसाच आहे याचा अर्थ तो तिसऱ्या पार्टमध्ये आहे असा होत नाही. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत 'सेल्फ गेला' म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मशीनींमध्ये दोष बहुतेक वेळा मोटरमध्ये नसतो, बॅटरीपासून मोटरपर्यंतच्या जाड वायरमध्ये किंवा तिच्या टोकाला असतो. दिसायला वायर चांगली दिसते म्हणून कुणी हात लावत नाही.

आता तो टक् आवाज काय सांगतो ते बघू, कारण अर्धा दोष कानाला कळतो. सेल्फच्या सर्किटचे दोन भाग असतात. एक बारीक वायरीचा: फ्यूज, चावी, न्यूट्रल स्विच (गिअर न्यूट्रलला नसेल तर सेल्फ लागू न देणारा), आणि तिथून सोलेनॉइडच्या कॉइलपर्यंत. दुसरा जाड वायरीचा: बॅटरी प्लस, सोलेनॉइडचे दोन जाड बोल्ट, मोटर, मोटरची बॉडी, इंजिनाचा ब्लॉक आणि तिथून अर्थच्या केबलने परत बॅटरी मायनस. टक् आवाज आला म्हणजे सोलेनॉइडची कॉइल ओढतेय, म्हणजे बारीक भाग बहुतेक ठीक आहे. आवाजच नाही आला तर फ्यूज, चावी आणि न्यूट्रल स्विच बघायचा. टकटकटकटक असा भराभर आवाज आला तर बॅटरी उतरलेली किंवा तिचं टोक ढिलं, लोड आला की व्होल्टेज कोसळतो, सोलेनॉइड सुटतो, परत पकडतो. मोटर घर्र करून नुसतीच फिरली आणि फ्लायव्हील (इंजिनावरचं जड चाक) हललं नाही तर बेंडिक्स, म्हणजे मोटरचं छोटं दातेरी चाक (पिनियन) फ्लायव्हीलला नेऊन लावणारा भाग, अडकलाय. आणि एकच घट्ट टक्, जो तुमचा आहे, तो जाड भागाचा. त्यात मोटर येते, पण मोटर एकटी नाही येत.

एक गोष्ट मीटर काढायच्या आधी करा आणि ती चुकवू नका. मशीन हाताने फिरतेय का ते बघा. चावी बंद, किल स्विचची (मशीन तातडीने बंद करायच्या स्विचची) लाल दोरी काढलेली, गिअर न्यूट्रलला, बॅटरीची मायनस केबल सोडलेली, सगळे स्पार्क प्लग बाहेर, आणि मग फ्लायव्हील हाताने हळू फिरवा. प्लग काढल्यावर ते सहज फिरलं पाहिजे. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या मशीनमध्ये सिलिंडरला गंज धरून पिस्टन जड झालेला असतो किंवा कधी आत पाणी शिरलेलं असतं, आणि पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सेल्फ टक् करून तिथेच थांबतो. अशा वेळी नवीन मोटर घालून जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि सेल्फच्या खर्चाचं इंजिनाच्या खर्चात रूपांतर होतं. तुमची मशीन मधूनच व्यवस्थित उठते म्हणता, त्यामुळे हे तुमच्या बाबतीत असण्याची शक्यता कमी, तरी पाच मिनिटांचं काम आहे, करून मोकळे व्हा. टॉप कव्हर काढून थोडा वेळ उघडं ठेवा मगच विजेच्या कामाला लागा, कव्हरखाली पेट्रोलची वाफ साचलेली असते आणि ठिणगी तर उडणारच आहे.

आता मुख्य काम. चारपाचशे रुपयांचा साधा डिजिटल मीटर आणि चावी फिरवायला एक माणूस, एवढंच लागतं. मायनस केबल परत जोडा, प्लग बाहेरच राहू दे म्हणजे मशीन चालू होणार नाही, लाल दोरी पण काढलेलीच राहू दे. फक्त प्लगच्या भोकांतून पेट्रोलचा फवारा येऊ शकतो आणि प्लगच्या कॅपला ठिणगी यायला नको, म्हणून कॅप अर्थला नीट जोडून ठेवा. काही मॉडेलवर दोरी काढली की सेल्फच लागत नाही, तसं असेल तर मात्र दोरी लावून घ्यावी लागेल.

मीटर डीसी २० व्होल्टवर. पहिलं माप बॅटरीवर, आणि ते क्लॅम्पवर किंवा थिंबलवर (केबलच्या टोकाला दाबलेलं धातूचं कडं) नाही तर खुद्द शिशाच्या पोस्टवर सुया टेकवून घ्यायचं. काही न लावता १२.६ च्या आसपास पाहिजे. १२.२ म्हणजे बॅटरी जेमतेम अर्धी आहे, नवीन असली तरी, कारण दुकानात पडून राहिलेली बॅटरी नवीनच असते पण भरलेली असतेच असं नाही. मग माणसाला चावी फिरवायला सांगा आणि आकडा बघत राहा. पाच सेकंदांवर चावी धरायची नाही, मध्ये थोडं थांबायचं. सेल्फ फिरताना आकडा १० च्या वर राहिला तर बॅटरी ठीक. ९ च्या खाली गेला तर एक तर बॅटरीत दम नाही किंवा मोटर किंवा इंजिन जाम होऊन भलताच करंट ओढतंय. आणि तिसरी शक्यता, जी मला तुमच्याकडे दिसेल असं वाटतं: टक् आवाज येतो आणि आकडा १२.५ वर तसाच उभा राहतो. म्हणजे बॅटरीतून जवळजवळ काही बाहेरच जात नाहीये, वाटेत कुठेतरी रस्ता बंद आहे. तो कुठे बंद आहे ते शोधायचं, बाकी काही नाही.

आता एक सुई बॅटरीच्या प्लस पोस्टवर आणि दुसरी मोटरच्या जाड बोल्टवर, आणि चावी फिरवा. चावी न फिरवता मीटर १२ दाखवेल, त्याकडे लक्ष देऊ नका, सोलेनॉइड उघडा आहे म्हणून तसं दिसतं. चावी फिरवल्यावरचा आकडा महत्त्वाचा. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर प्लसची पूर्ण लाइन चांगली आहे. तीन, पाच, दहा असं काही आलं तर तेवढा व्होल्टेज वाटेत खाल्ला जातोय. मग मोटरवरची सुई एकेक पाऊल मागे आणायची: सोलेनॉइडचा मोटरकडचा बोल्ट, मग बॅटरीकडचा बोल्ट, मग केबलचं थिंबल, बॅटरी स्विच असेल तर त्याच्या दोन्ही बाजू. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा एकदम पडतो तिथे दोष. हेच अर्थच्या बाजूला करायचं: एक सुई मायनस पोस्टवर, दुसरी मोटरच्या बॉडीवर, रंग खरवडून उघड्या धातूवर. इथे ०.३ च्या वर जाऊ नये. अर्थची बाजू तपासणारा माणूस मला क्वचित भेटतो, आणि दोष सापडतो तो जास्त करून तिथेच.

दोन्ही बाजूंना आकडा नगण्य आला, मोटरच्या बोल्ट आणि बॉडीच्या मध्ये पूर्ण १२ मिळतोय आणि तरी मोटर हलत नाही, तर मग मेकॅनिक बरोबर बोलतोय, मोटर काढा. ही तीन मापं झाल्याशिवाय कुणी मोटर म्हणालं तर तो अंदाज आहे.

तुम्ही म्हणाल आम्ही मीटरचा बीप लावून केबल बघितली, बीप येतो. बरेच जण हेच करतात आणि तिथेच फसतात. बीप येण्यासाठी केबलमधली एक तार शाबूत असली तरी पुरते, कारण मीटर त्यातून अगदी नगण्य करंट पाठवतो. ४० एचपीचा सेल्फ शंभर अँपिअरच्या आसपास ओढतो, मॉडेलप्रमाणे कमीजास्त. नुसता ०.०१ ओहमचा अडथळा असला, जो तुमचा मीटर दाखवूसुद्धा शकत नाही, तरी शंभर अँपिअरला पूर्ण एक व्होल्ट जातो. ०.०५ ओहम असेल तर पाच व्होल्ट जातात आणि मोटरला मिळतात सात. म्हणून केबल नेहमी लोडखाली मोजायची. दुपारी त्रास वाढतो याचं उत्तर पण बहुतेक इथेच आहे, खराब जोड गरम होतो, गरम झाला की अडथळा वाढतो, आणि तापलेल्या तांब्याचा अडथळा थंड तांब्यापेक्षा तसाही जास्त असतो.

आता शापोरा, मोरजी, कोको बीच इकडच्या ट्रिपच्या होड्यांवर मी काय बघतो ते सांगतो, म्हणजे कुठे आधी बघायचं ते कळेल. बॅटरी सीटखालच्या खोक्यात, तळाला पाणी साचलेलं. प्लसच्या पोस्टवर हाताने फिरवायचा पंख्याचा नट, आणि त्या एका नटाखाली जाड केबल, लाइटची वायर, बिल्ज पंपाची (तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाची) वायर, म्युझिक सिस्टमची वायर आणि फोन चार्जरची वायर, एकावर एक. त्यात पाहुण्यांसाठी नवीन स्पीकर बसवणाऱ्याने सगळं सोडून परत लावताना आपलं पातळ थिंबल सगळ्यात खाली घातलेलं असतं आणि सेल्फची जाड केबल वर तरंगत असते. शंभर अँपिअर त्या पातळ पत्र्यामधून जाणार कसे? जाड थिंबल नेहमी सगळ्यात खाली, थेट शिशावर, आणि पंख्याच्या नटाऐवजी पान्याने आवळायचा लॉकनट. बारीक वायरी खरं तर वेगळ्या फ्यूज बॉक्सवरच न्यायला पाहिजेत.

दुसरी जागा म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवर अर्थची केबल जिथे बोल्टने बसते ती. वरून स्वच्छ दिसते. बोल्ट काढा, थिंबल उलटं करा, खाली अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी आणि थिंबलवर हिरवा थर सापडेल. तो पितळी ब्रशने पूर्ण घासून दोन्ही पृष्ठभाग चकचकीत करायचे.

तिसरी जागा केबलच्या आत. थिंबलपासून बोटभर अंतरावर केबल दाबून बघा, कडक लागली किंवा वाकवताना आत चुरचुरली तर तिथे चिरून बघा. चांगलं तांबं लालसर चमकतं. खराब झालेलं काळं पडलेलं असतं, नखाने खरवडलं तर भुसा पडतो, आणि हे काळेपण इन्सुलेशनच्या आत हातभर लांब सरकलेलं असतं. साधी गाडीची किंवा वेल्डिंगची केबल वापरली आणि तिचं टोक उघडं राहिलं की मिठाचं पाणी तारांमधून आत चढत जातं. अशी केबल चमकदार तांबं लागेपर्यंत मागे कापायची, आणि कापून लांबी पुरत नसेल तर सरळ नवीन घालायची. मध्ये पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड मला सेल्फच्या लाइनवर अजिबात मान्य नाही, कितीही घट्ट केलेला असू दे.

नवीन घालताना कथील चढवलेल्या तारांची मरीन केबल मिळाली तर उत्तम, जाडीत कंजुषी नको. हिशेब सोपा आहे: २५ स्क्वेअर एमएम तांब्याची केबल, बॅटरी ते मशीन चार मीटर म्हणजे जाऊन येऊन आठ मीटर, शंभर अँपिअरला साधारण अर्धा व्होल्ट जातो. तेच १६ स्क्वेअर एमएमला ०.९ च्या जवळ जातं. वजन बॅलन्स करायला कुणी बॅटरी पुढे नाळेकडे नेली असेल तर त्या अंतराप्रमाणे केबल जाड व्हायला हवी, ते सहसा कुणी करत नाही आणि मग सेल्फ कायमचा आळशी होतो. थिंबल हातोड्याने ठोकून चपटं करू नका, हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या, म्हापशाला किंवा पणजीत पॅनेलचं काम करणारा कुणीही करून देईल. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह. आणि व्हॅसलीन किंवा ग्रीस आवळून झाल्यावर वरून लावायचं.

सोलेनॉइडबद्दल थोडंच सांगतो कारण तुम्ही बदललाय. चावी फिरवल्यावर त्याच्या दोन जाड बोल्टच्या मध्ये ०.३ च्या आत यायला पाहिजे. नवीन आहे म्हणून सोडू नका, बाजारात हलक्या कॉपी फिरतात आणि आतले कॉन्टॅक्ट लवकर जळतात. आणि एक अपवाद, जो मी वर 'बहुतेक' म्हणालो त्यासाठी: कॉइलला कमी व्होल्टेज मिळाला तरी टक् येतो पण कॉन्टॅक्ट नीट दाबले जात नाहीत. त्यामुळे सोलेनॉइडवर व्होल्टेज खाल्ला जात असेल तर आधी त्याच्या बारीक सिग्नल वायरवर चावी फिरवून व्होल्टेज बघा, यामाहाला ती तपकिरी असते, मर्क्युरीला पिवळ्यावर लाल पट्टी. तिथे १० पेक्षा कमी असेल तर चावीचा स्विच, न्यूट्रल स्विच किंवा चावीची वायरिंग मशीनला जोडणारा मोठा कनेक्टर बघा, त्यात हिरवं धरलेलं असतं.

आता समजा मोटरच दोषी निघाली. तरी लगेच नवीन नको. आधी मायनस केबल सोडायची, मग मोटर उतरवायची. उघडताना बॉडी आणि दोन्ही झाकणांवर खूण करा, म्हणजे परत त्याच जागी बसतील. आत बहुतेक वेळा कार्बनची काळी भुकटी आणि मिठाचा चिकट थर असतो, कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) आपल्या घरात अडकून कम्युटेटरला, म्हणजे त्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलाला, टेकतच नाहीत. मोटरवर पान्याच्या मुठीने हलकेच टकटक केल्यावर सेल्फ लागत असेल तर हाच दोष. पण हातोड्याने मारू नका, आत मॅग्नेट गोंदाने चिकटवलेले असतात, ते सुटले किंवा तडकले की मोटर भंगार. कार्बन झिजून मॅन्युअलमध्ये दिलेल्या लांबीच्या खाली गेले असतील तर सेट बदलायचा. कम्युटेटर बारीक काचपेपरने साफ करा, एमरी पेपर नको, त्याचे कण वीज वाहतात आणि फटीत अडकतात. तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक पट्टीपेक्षा खाली असायला हवा. कम्युटेटर आणि मधला शाफ्ट यांच्यात मात्र बीप यायला नको, आला तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, शॉर्ट आहे आणि तेव्हा नवीनचा विचार करा.

बेंडिक्स धुऊन कोरडा करा, हलकं तेल पुरे. तिथे जाड ग्रीस भरलं की सकाळच्या गारव्यात पिनियन वर उडत नाही. आणि गाडीच्या इलेक्ट्रिशियनकडे काम दिलंत तर एक गोष्ट बजावून सांगा: झाकणांच्या रबरी ओ-रिंग परत नीट बसल्या पाहिजेत, खराब असतील तर नवीन. गाडीच्या मोटरला एवढं पाणी लागत नाही म्हणून ते लोक सोडून देतात, आणि मग तुमची दुरुस्त केलेली मोटर पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाही.

हे सगळं होईपर्यंत ट्रिपा चालू ठेवणार असाल तर कृपा करून ऐका. तुमच्याकडे पाहुणे असतात, लहान मुलं असतात, आणि शापोऱ्याच्या तोंडाशी वाळूची पट्टी आणि बाजूला खडक. तिथे मशीन बंद करून डॉल्फिन बघत बसायचं आणि परत सेल्फ लागला नाही तर लाट तुम्हाला कुठे नेईल ते तुम्हीच मला सांगू शकाल. दोष मिळेपर्यंत मशीन बाहेर बंद करू नका, न्यूट्रलला चालू ठेवा. नांगर मोकळा आणि हाताशी. सेल्फ नसताना मशीन हाताने ओढून उठवायची दोरी होडीत आहे का आणि कव्हर काढून ती फ्लायव्हीलच्या खाचेत गुंडाळता येते का, ते जेटीवर एकदा करून बघा. दोरीने ओढताना बऱ्याच मशीनवर न्यूट्रलचं संरक्षण नसतं, त्यामुळे गिअर आधी डोळ्यांनी बघायचा. तेच सोलेनॉइडच्या दोन बोल्टवर पाना टेकवून सेल्फ मारण्याबद्दल, लोक करतात, पण त्याने न्यूट्रल स्विच चुकवला जातो, गिअरमध्ये असेल तर होडी एकदम उडी मारते आणि उभा असलेला माणूस पाण्यात जातो. पाहुणे असताना ते करूच नका.

तर आज-उद्या एवढं करा: आधी फ्लायव्हील हाताने फिरवून बघा, मग चावी फिरवताना बॅटरीच्या पोस्टवरचा आकडा, प्लस पोस्ट ते मोटरचा बोल्ट हा आकडा, आणि मायनस पोस्ट ते मोटरची बॉडी हा आकडा. शक्य असेल तर सकाळी थंड मशीनवर एकदा आणि दुपारी ट्रिपा झाल्यावर एकदा. मशीनचं मॉडेल, टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, आणि बॅटरी होडीत कुठे बसवलीय तेही लिहा. अर्थच्या बोल्टखालचा फोटो काढून पाठवलात तर आणखी बरं. हे आकडे आले की मोटर घ्यायची की केबल, ते मी तुम्हाला नक्की सांगतो.